अनुभव धागा: अंधाराशी गाठ पडली तेव्हा तुम्ही काय केलंत?

सर्वांना सलाम.

माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. खांद्याला झोळी, झोळीत मार्ककृत शुभवर्तमानाच्या पातळ प्रती आणि खोबरेलाची एक पितळी डबी. ज्या घरी जाई तिथल्या म्हातारीचे पाय आधी चोळी, वचन मग वाची. सैतान हा शब्द तिच्या तोंडी रोज असे. दारू सैतान, सावकाराचं व्याज सैतान, पोरीची शाळा सोडवणं सैतान. माणसाला मात्र तिने हा शब्द कधी लावला नाही.

आज फोनवर सुटकेच्या, म्हणजे भूत काढायच्या, सभांचे व्हिडिओ येतात. एखादी मुलगी जमिनीवर लोळते आहे, तिच्या तोंडाशी माइक, आणि वरून ओरडणं, "नाव सांग तुझं!" मला ते बघवत नाही. तिची ओढणी कधीची घसरलेली असते आणि भोवतीच्या पन्नास माणसांपैकी एकालाही ती उचलून द्यावीशी वाटत नाही.

दुष्टाई खरी आहे आणि तिला बळ आहे, असं मी मानते. पौलाने इफिसकरांना सहाव्या अध्यायात लिहिलं की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे समोर बसलेलं माणूस आपला शत्रू नाही. सुवार्ता सांगायला निघालेले आपण नेमकं हेच विसरतो, असं गेली काही वर्षं सारखं वाटतंय, म्हणून हा धागा. ख्रिस्ती असा, नसा, लिहा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा, ऐकीव नको. कोणाचं नाव नको. आणि दुसऱ्याच्या देवाला भूत म्हणायची ही जागा नाही.

श्रीरामपूर तालुका, मंडळीचा पंच

2016 सालची गोष्ट. आमच्या वस्तीवरची एक सून बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. तिची झोप गेली. रात्रभर दोरीवरची लंगोटं मोजायची. "अठरा घातली होती, सतराच आहेत, एक त्यांनी नेलं." पुढे म्हणायला लागली, हे माझं बाळ नव्हे, बदललंय. एका रात्री पुरुषासारखा घोगरा आवाज काढून बोलली, तेव्हा सासूने आम्हाला बोलावलं. बाहेरचं झालंय, म्हणाली.

आम्ही दुसऱ्या गावाहून एक प्रचारक आणले. त्यांनी सांगितलं, तीन दिवस कडक उपास, पाणीसुद्धा मोजून, बाळाला अंगावर पाजायचं नाही. मग डोक्यावर हात ठेवून तिला गदागदा हलवायचं आणि आज्ञा करायची. ती उठून पळायला बघायची म्हणून तिचे हात धरायला माणूस लागायचा. ते मी धरले. दोन दिवस. तिच्या मनगटांवर माझ्या बोटांचे वळ होते. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

दुसऱ्या रात्री आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई बॅटरी घेऊन आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. दारातच त्यांनी विचारलं, "हिने शेवटचं कधी खाल्लं?" कोणी बोलेना. त्या चुलीकडे गेल्या, लापशी केली, आणि तिच्याशेजारी मांडी घालून चमच्याने भरवत बसल्या. ती थुंकायची, त्या तोंड पुसून पुन्हा भरवायच्या. प्रचारक म्हणाले, बाई, तुम्ही देवाच्या कामात आड येताय. तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "याइराची मेलेली मुलगी उठल्यावर प्रभूने काय सांगितलं? हिला खायला द्या. मार्क पाच. काढून बघा."

पहाटे जीप केली. डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणानंतरचा सायकोसिस आहे, म्हणजे भान सुटण्याचा मानसिक आजार. हजारात एक-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच. आईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवाला धोका असतो, त्यामुळे एक दिवसही थांबायचं नसतं. आम्ही दोन दिवस घालवले होते. पुढे बरेच महिने गोळ्या चालल्या. आज ती ठणठणीत आहे, पोरगा शाळेत जातो.

बरी झाल्यावर मी माफी मागायला गेलो. तिने चहा दिला. खूप वेळाने म्हणाली, "काका, मला बाकी काही आठवत नाही. तुमचे हात आठवतात."

त्या खोलीत सैतानाचं काम चालू होतं ह्यात मला शंका नाही. आम्ही सात जण तिला उपाशी ठेवून ते करत होतो. आता आमच्या मंडळीत नियम आहे. आधी डॉक्टर. आजाऱ्याचा उपास नाही, उपास करायचा तर आपण करायचा. कोणी कोणाला धरायचं नाही, आणि बाईसाठी प्रार्थना असेल तर शेजारी दोन बायका बसलेल्या हव्यात. नवीन पोरांना मी हेही सांगतो की जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा गुन्हा आहे, आणि तो कायदा देऊळ की चर्च असं विचारत नाही. पण कायद्याच्या भीतीने थांबणं वेगळं. नर्सबाई कायद्यासाठी आल्या नव्हत्या.

सोलापूर, ख्रिस्ती नाही

लिहू की नको असा विचार करत होते. वरचं वाचून लिहिते.

आईच्या किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तेव्हा एक गृहस्थ घरी येऊ लागले. पहिले दोन-तीन दिवस छान बोलले, प्रार्थना केली, आईलाही बरं वाटलं. चौथ्या दिवशी देवघराकडे बोट दाखवून म्हणाले, हे पाण्यात सोडा, रोग ह्याच्यामुळे आहे. आई रात्रभर रडली. ते टाक तिच्या आईकडून आलेले. तिला वाटलं आपणच चाळीस वर्षं दुखणं पुजत होतो.

आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक ख्रिस्ती काकू. मला सुट्टी मिळत नसे तेव्हा रिक्षा करून आईला डायलिसिसला नेत. चार तास बाहेर बाकड्यावर बसत. धर्माचा शब्द काढला नाही. शेवटच्या महिन्यात आईनेच विचारलं, तुम्ही तिथे बसून काय करता? काकू म्हणाल्या, तुमच्यासाठी प्रार्थना. आई म्हणाली, मग इथे माझ्याजवळ बसून करा की. त्यानंतर रोज करायच्या, देवघरासमोरच, कारण आईचा पलंग तिथेच होता.

आई गेली तेव्हा तिच्या उशाशी टाक होते आणि काकूंचा हात होता.

धागाकर्ती: ताई, त्या माणसाच्या वतीने मी माफी मागते. आईंना त्या रात्री जी भीती वाटली, ती घालणं हेच दुष्टाईचं काम, आणि ते आमच्यातल्या माणसाने केलं. काकूंना माझा सलाम सांगा.

वसई

आमच्याकडे कॅथलिकांत ह्याला शिस्त आहे ते सांगतो, कारण पुष्कळांना माहीत नसते. विधिपूर्वक भूतनिरसन कोणताही धर्मगुरू उठून करू शकत नाही. बिशपांची त्या प्रकरणापुरती स्पष्ट परवानगी लागते, चर्चच्या कायद्यात 1172 वं कलम आहे. 1999 मध्ये सुधारलेल्या विधीतही आधी आजार नाही ना ह्याची खात्री करायला सांगितलं आहे. म्हणून सिनेमात दिसतं तसं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

पाहिलं ते माझ्या थोरल्या भावाचं पिणं. आमच्या गावात सण, लग्न, बारसं, मयत, ग्लासाशिवाय काही होत नाही, त्यामुळे कोणाला ते वावगं वाटत नाही. वाडीतल्या क्रुसापुढे रोजरीला तो पुढे उभा असायचा, आवाज चांगला, आणि रात्री वहिनी आमच्या पडवीत झोपायला यायची. आई म्हणायची, त्याच्यावर कोणीतरी करणी केलीय. करणी म्हटलं की सगळे सुटतात, पिणाराही आणि पाजणारेही.

शेवटी धर्मग्रामाच्या सभागृहात दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बैठक होते, तिथे गेला. पहिल्यांदा मीच ओढून नेला. तिथे माणूस उभा राहून आपलं पहिलं नाव सांगतो आणि मी दारुडा आहे म्हणतो. माझा भाऊ, जो देवासमोर कधी काही कबूल करत नव्हता, तो त्या वीस-बावीस माणसांसमोर बोलला. बायबलमधल्या गरसेकरांच्या देशातल्या त्या भूत लागलेल्या माणसाला येशू विचारतो ना, तुझं नाव काय? मी ते वचन लहानपणापासून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मागच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न भुताला दरडावायला नाही, माणसाला परत बोलावायला असतो. निदान मला तसं कळलं, धर्मशास्त्र जाणणारे चुका काढतील.

दोनदा घसरला. आता सहा वर्षं झाली.

दौंड तालुका

माझी पणजी मध्य प्रांतातली. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पोरीबाळींना आणायला गेल्या, त्यात तीही केडगावला आली. मुक्ती मिशन ही रमाबाईंची तिथली संस्था, तिथल्या 1905 च्या धार्मिक जागृतीबद्दल परदेशी पाहुणे आजही विचारतात, मुली एकत्र मोठ्याने प्रार्थना करत होत्या ते. पणजी त्यात होती. पण आजीला ती सांगायची ते दुष्काळातल्या दलालांचं. पसाभर धान्यावर पोरी उचलून नेणारी माणसं. एक बाई तिला गोड बोलत होती, तेवढ्यात रमाबाईंची माणसं आली. सैतान कसा असतो विचारलं की पणजी म्हणायची, गोड बोलतो आणि त्याच्याकडे भाकर असते. म्हणून रमाबाईंनी नुसती प्रार्थना केली नाही. विहिरी खोदल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. पणजी तिथे खिळे जुळवायला शिकली.

मराठवाडा, नाव-गाव नको

सगळे बाहेरच्या अंधाराचं लिहिताय. आतलं लिहितो.

माझे आजोबा मांग. ख्रिस्ती झाले ते माणूस म्हणून बसता यावं म्हणून. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शीख आणि बौद्धांना पुढे मिळाल्या, आम्हाला नाही. त्यामुळे आमच्या निम्म्या घरांत कागदावर एक नाव आणि रविवारी दुसरं. पाळक उपदेशात म्हणतात, जगापुढे साक्ष द्या. द्यायची कशी, मुलाची फी कोण भरणार?

तेही सोसलं असतं. माझ्या मुलीला स्थळ आलं, मुलगा आमच्याच पंथाचा, चांगला शिकलेला. मुलाच्या वडिलांनी प्रभूभोजनानंतर, ओठांवरचा द्राक्षारस वाळायच्या आत, मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" मी सांगितलं. फोन आला नाही.

अशुद्ध आत्मा म्हणतात तो मी पाहिला आहे. कोट घालून आला होता आणि दानपेटीत नोट टाकून गेला.

पिंपरी-चिंचवड

आमचं थोडक्यात. मुलगा कंपनीत इंजिनीअर, संडेस्कूल शिकवायचा. फोनवर रमी आणि क्रिकेटच्या पैजा. साडेसात लाख कर्ज झालं तेव्हा कळलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, त्यानंतरही ह्याचे हात रात्री उशीखाली फोन चाचपतात. देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही, हे वचन त्यानेच मुलांना पाठ करून घेतलं होतं. आम्ही ओरडलो नाही. रात्री दहाला त्याचा फोन माझ्या पत्नीच्या शिवणाच्या डब्यात जातो, तो स्वतः ठेवतो, आणि आम्ही तिघं एक स्तोत्र वाचतो. काही रात्री तो ठेवत नाही. त्या रात्रीही वाचतो.

विदर्भातला एक सुवार्तिक

मी एसटी स्टँडवर पत्रकं वाटायचो. एकदा पाच-सहा पोरांनी घेरलं, पत्रकं फाडली, कानफटात दिली. पोलीस ठाण्यात साहेबांना संविधानाचं 25 वं कलम सांगितलं, धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे म्हणून. ते जाणकार निघाले. म्हणाले, 1977 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचलाय का? सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याला बदलायचा हक्क नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बदलणं तसंही माझ्या हातात कधी नव्हतं, तो पवित्र आत्म्याचा प्रांत.

मला जड गेलं ते पुढचं. ज्याने मारलं त्याचा चेहरा रोज प्रार्थनेत यायचा आणि मी देवाला सांगायचो, ह्याला बघून घे. गुडघ्यावर बसून द्वेष करत होतो. चार महिने वचन सांगायला उभा राहिलो नाही.

नाशिककडून

हा धागा आत्ता वाचला. रात्रीचे अकरा वाजलेत. माझ्या लहान बहिणीला बाळ होऊन नऊ दिवस झालेत. तीन रात्री झोपली नाही. आज म्हणते बाळाच्या डोळ्यांत कोणीतरी आहे. उद्या सकाळी सासरचे प्रार्थनेला माणूस आणणार आहेत. आम्ही विश्वासी आहोत. मी काय करू?

धागाकर्ती: सकाळपर्यंत थांबू नका. बाळ आत्ता कोणाकडे आहे? तिच्याजवळ एकटं ठेवू नका, आणि तिलाही एकटं ठेवू नका. आवाज वाढवू नका, वाद घालू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात आजच रात्री न्या, बाळंतपणाची कागदपत्रं सोबत घ्या. 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी क्रमांक, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पण त्यासाठी निघायचं थांबवू नका.

श्रीरामपूर तालुका, मंडळीचा पंच: ताई, सासरच्यांशी मी बोलतो, त्यांना फोन द्या. धागाकर्तीकडे माझा नंबर आहे. आणि तिने काही खाल्लंय का?