अर्धशिशी की अर्धांगवायू? तुमचे अनुभव सांगा

मागच्या मंगळवारी बँकेत रांगेत उभी होते. समोरच्या काकांच्या उजव्या खांद्याजवळ एक चकचकीत ठिपका लुकलुकायला लागला. हा माझा सत्तावीस वर्षांचा पाहुणा. ठिपक्याची हळूहळू नागमोडी कड होते, जुन्या किल्ल्याच्या तटासारखी. ती बाजूला सरकत सरकत वीसेक मिनिटांत नजरेबाहेर जाते आणि मग डोकं सुरू. त्यामुळे घाबरले नाही. पर्समध्ये गोळी चाचपत होते तेव्हा उजव्या हाताची बोटं बधिर वाटायला लागली. बधिरपणा मनगटावरून कोपराकडे चढला, मग ओठाच्या कोपऱ्यात आणि अर्ध्या जिभेत. स्लिपवर 'फक्त' लिहायचं होतं, तो शब्दच सापडेना. 'पाणी मिळेल का' विचारायला गेले तर तोंडातून 'पावती मिळेल का' आलं. बाईंनी पावती दिली!

रिक्षा करून घरी आले. नवऱ्याने पडदे ओढले, कपाळाला ओढणी आवळली. तासाभरात बोलणं ताळ्यावर आलं आणि डोकं फुटायला लागलं. झालं, नेहमीचंच, असं म्हणून झोपले. दुसऱ्या दिवशी सहज आमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला तर ते चक्क रागावले. "बोलणं आधी कधी गेलं होतं? नाही ना? मग पहिल्यांदा झालेलं नेहमीचं कसं?" एमआरआय झाला. स्वच्छ निघाला. निदान तेच, ऑरासकट मायग्रेन, म्हणजे डोकं दुखण्याआधी अशी लक्षणं दाखवणारी अर्धशिशी.

त्यांनी एक गोष्ट फार छान समजावली. ऑरात मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट सरकते, मिनिटाला जेमतेम ३ मिलिमीटर. लिआव नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९४४ साली सशाच्या मेंदूवर ती नोंदवली होती. म्हणून माझा बधिरपणा 'चढला'. आधी डोळे, मग हात, मग बोलणं, असं पाळीपाळीने. एकेक लक्षण साधारण ५ मिनिटं ते तासभर. स्ट्रोकमध्ये, म्हणजे रक्तवाहिनी बंद होते तेव्हा, बहुधा असं नसतं. तिथे फ्यूज उडाल्यासारखं एका क्षणात जातं, आणि चमचमाट दिसण्याऐवजी दिसणंच बंद होतं. "पण हे मी मागाहून सांगतोय," असंही वर ऐकवलं.

उलटा प्रकारही आमच्याच घरात घडलाय. सासऱ्यांना एका रात्री गरगरणं, उलट्या, मानेमागे दुखणं. चेहरा सरळ, दोन्ही हात वर होत होते, बोलणं स्पष्ट. फक्त बाथरूमपर्यंत सरळ चालवेना. 'पित्त खवळलंय' म्हणून आम्ही रात्रभर आलं-लिंबू देत बसलो. लहान मेंदूतला स्ट्रोक होता. आता काठी घेऊन चालतात.

तुमच्याकडे काय झालं, कसं कळलं, कुठे चुकलं ते लिहा. हॉस्पिटलांची, डॉक्टरांची नावं नकोत आणि औषधांचे डोसही नकोत.

* * *

आमच्याकडे सांगली भागात याला 'वारं गेलं' म्हणतात. आईवरनं वारं गेलं.

सकाळी सहाला बाबांनी हाक मारली, तर आईचं तोंड वाकडं आणि उजवा हात नुसता लोंबतोय. शेजारचे आप्पा दोन मिनिटांत हजर. म्हणाले, कबुतर मिळतंय का बघतो, गरम रक्त चोळायचं. चांगला माणूस हो, पण त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. १०८ ची गाडी यायला वीस मिनिटं लागली. ७:४० ला हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" मी म्हटलं, रात्री साडेदहाला झोपली तेव्हा. त्यांचा चेहरा पडला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि झोपेत झालं असेल तर वेळ रात्रीपासून मोजतात.

बाबा कोपऱ्यात बाकड्यावर बसले होते. त्यांना ऐकूही कमी येतं. मी मोठ्याने परत सांगितल्यावर म्हणाले, "अरे नाही, पहाटे उठली होती की. साडेचारला पाण्याचा पंप लावला तिनं. मला म्हणाली, आज नळाला जोर आहे." डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारून घेतलं, नक्की साडेचार? नक्की नीट बोलल्या? नळाची वेळ आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे! सीटी झाला, ८:२५ ला इंजेक्शन सुरू. आज आई भाकरी थापते. एवढी गोल येत नाही.

त्यामुळे घड्याळ बघा. झाल्याबरोबर घड्याळ बघा.

* * *

मला कॉलेजपासून अर्धशिशी, आणि म्हणूनच फसले. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. माहेरी होते. आजी म्हणाली, कान उघडे ठेवलेस, वारा शिरला. शेगडी, धुरी, वेखंडाचा लेप, सगळं झालं. पाणी मात्र मोजून, बाळंतिणीला जास्त पाणी द्यायचं नाही म्हणे. मीही मनात म्हणत होते, जागरणं आहेत, मायग्रेनच असणार. पण हे डोकं वेगळं होतं. माझं नेहमीचं अंधारात पडलं की उतरतं. हे आडवं झालं की वाढायचं, खोकलं की कवटी उकलल्यासारखं. चार दिवस हललं नाही. जवळच्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पाचव्या दिवशी बाळाला पाजता पाजता झटका आला आणि डावा हात पडला. मेंदूतल्या शिरेत रक्त गोठलं होतं. साध्या सीटीत ठळक दिसलं नाही, शिरांचा एमआर वेनोग्राम केल्यावर दिसलं. रक्त पातळ करायची औषधं काही महिने घेतली, हात पूर्ण परतला.

बाळंतिणीचं डोकं चार दिवस दुखतंय तर कृपा करून लेपावर थांबू नका. आणि तिला पाणी द्या!

* * *

माझी केस दोन्हीच्या मधली. हेमिप्लेजिक मायग्रेन. हा दुर्मिळ प्रकार आहे आणि यात अर्धं अंग खरोखर लुळं पडतं. नुसतं बधिर नाही, कप उचलता येत नाही. कधी काही तास, एकदा दोन दिवस. पहिल्या दोन वेळा आयसीयूत स्ट्रोक म्हणून होतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेच बरोबर होतं. तक्रार तिसऱ्या वेळची आहे. रिपोर्ट सगळे नॉर्मल बघून एका ज्युनिअरने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का? नाटक करतायत."

माझ्या वडिलांनाही तरुणपणी 'लकवा यायचा आणि जायचा'. गावात देवीचं म्हणायचे, दोन कोंबडी गेली त्यात. हे डॉक्टरांना कळल्यावर जनुकीय चाचणी झाली, CACNA1A ऐवजी मराठीत सांगायचं तर कॅल्शियमच्या वाहिनीच्या जनुकात बिघाड. मायग्रेनवरच्या ट्रिप्टान जातीच्या गोळ्या मला चालत नाहीत. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवतो, कारण नेमक्या त्या वेळी बोलता येत नाही.

* * *

कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, चौदा वर्षं. थोडक्यात लिहिते, ड्यूटीवर जायचंय.

घरी बसून निवाडा करू नका. आम्हालाही नुसतं बघून कधीकधी कळत नाही, तुम्हाला कुठून कळणार. पेशंट आला की आम्ही आधी साखर बघतो, कारण साखर उतरली की हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. तोंड वाकडं असताना पाणी, चहा, ॲस्पिरिन काही पाजू नका. घशात अडकतं, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने वाढतो. पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल आला म्हणजे स्ट्रोक नाही, असं नसतं. सीटी आधी रक्तस्राव बघायला असतो. आणि जवळच्या दवाखान्यापेक्षा सीटी चोवीस तास चालू असतो तिथे जा, दोन ठिकाणी फिरण्यात वेळ जातो. मिनिटभरात कळस गाठणारं, आयुष्यातलं सगळ्यात वाईट डोकं दुखलं तर हातपाय चालत असले तरी या.

* * *

भाचीचं सांगते, नागपूरची. चौदा वर्षांची असताना डोकं, उलट्या, मग एका बाजूचं दिसेना, मग फिट. दोन वर्षं मायग्रेन म्हणून औषधं चालू होती. एका डॉक्टरांनी डोकं सोडून बाकीचं विचारलं: उंची वर्गात सगळ्यात कमी का, ऐकू कमी येतं का, आईला साखर आहे का. तिन्हीला हो. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा आजार निघाला, मेलास. यात स्ट्रोकसारखे झटके येतात पण रक्तवाहिनी तुंबलेली नसते. फिटसाठी तोवर चालू असलेलं व्हॅल्प्रोएट लगेच बदललं, या आजारात ते टाळतात. बरं होत नाही पूर्ण. पण काय आहे ते माहीत आहे.

* * *

एक विचारू का सगळ्या बायकांना? ऑरा असलेल्यांनी इस्ट्रोजेनवाली पाळीची किंवा गर्भनिरोधक गोळी घ्यायची नसते. ऑरामुळे स्ट्रोकचा धोका मुळात थोडा जास्त, त्यात गोळीने भर पडते, सिगारेट असेल तर आणखी. मला हे पस्तिसाव्या वर्षी कळलं. गोळी देणाऱ्यांनी डोक्याबद्दल विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

* * *

धागा काढणारी मीच. शेवटचा प्रतिसाद वाचून उठले आणि कपाटातली पट्टी काढून वाचली. अंगावर जास्त जातं म्हणून आठ महिने घेतेय. इथिनिल इस्ट्राडिओल लिहिलंय, म्हणजे इस्ट्रोजेनच. मागच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं होतं, सध्या काय औषधं चालू आहेत? मी म्हणाले, काही नाही. पाळीची गोळी औषधात धरायची असते हे डोक्यातच आलं नाही. आत्ता दोघांनाही मेसेज टाकलाय. गायनॅकनी उद्या सकाळी साडेदहाला बोलावलंय, पट्टी घेऊन.