जळगावला पहिला प्लॉट घेऊ का?

रावेरचा केळीवाला:
यंदा केळीचे चार पैसे हातात राहिले. पाळधी रस्त्याला एनए (बिगरशेती) प्लॉट दाखवतायत. एजंट म्हणतो, "भाऊ, आधी टोकन द्या, सातबारा नंतर पाहू." देऊ का?

खापरावरची पोळी:
अजिबात नको! माझ्या भावानं धुळ्याजवळ असाच घेतला. नंतर सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात मालकाच्या तीन बहिणी निघाल्या. सात वर्षं झाली, प्लॉटवर बाभळी माजल्यात.

भुसावळकर:
महारेरा, म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या प्लॉटिंगला तो लागतोच. शिवाय करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (जुन्या मालकी-व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) काढा, तिथं कंजुषी नको.

रावेरचा केळीवाला:
उतारा मागितला. सकाळपासून फोनच उचलत नाही तो.