प्रतिसाद: पॉइंट गार्डने गुण करायचे की पास द्यायचे?

दादा, ‘बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डने (बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याने) पास द्यावेत, बास्केट सेंटरने (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने) करावेत’ हे तुमचं म्हणणं अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या पॉइंट गार्ड जॉन स्टॉक्टनच्या काळाला शोभतं. त्याचे कारकिर्दीत १५,८०६ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास), सामन्यामागे गुणांची सरासरी मात्र १३ च्या आसपास. गुणांचा डोंगर रचला तो त्याच्याच संघातल्या कार्ल मलोनने. पण त्याआधीही तो नियम नव्हता. १९७२-७३ मध्ये पॉइंट गार्ड नेट आर्चिबाल्ड गुण आणि असिस्ट, दोन्हींत एनबीएत पहिला होता!

खरा फरक गुण येतात कसे यात आहे. सेंटरला बहुतेक बॉल रिंगखाली आयता मिळतो, नाहीतर रिबाउंडवर (चुकलेला शॉट परत आल्यावर). म्हणून त्याची शॉट लागण्याची टक्केवारी चांगली दिसते. गार्डला स्वतः ड्रिबल करून जागा काढावी लागते. २००४-०५ पासून हाताने अडवण्यावर कडक फाउल लागू लागले, तशी चपळ गार्डांची चंगळ झाली. पुढे पॉइंट गार्ड स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये ४०२ थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) मारले, सरासरी सामन्याला ३०.१ गुण.

आपल्या रत्नागिरीकडच्या उघड्या कोर्टांवर मात्र करीची नक्कल नको. संध्याकाळी खारा वारा सुटला की लांबचा शॉट कुठेही जातो. पोरांना आधी डाव्या हाताचा लेअप (रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) शिकवा.