मंतरलेलं पाणी आणि बंद केलेलं इन्सुलिन

सुबांगकर (धागाकर्ता):
मलेशियातल्या शाह आलम शहरात आमच्या शेजारी राहणाऱ्या मकचिकनी (इथे मावशीच्या वयाच्या बाईला असंच हाक मारतात) रमजान संपल्यावर इन्सुलिन सोडलं. त्यांना एका उपचारकानं 'आयेर पनावार' दिलं होतं. बाटलीचं झाकण उघडून कुराणातल्या आयती म्हणायच्या, पाण्यावर फुंकर घालायची, ते पाणी. साखर उतरेल, सुई नको, असं त्यानं सांगितलं. तीन महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. २०२३च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मलेशियातल्या १५.६ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, म्हणजे अशी घरं किती असतील! माझा राग पाण्यावर नाही. 'सुई नको' म्हणणाऱ्यावर आहे. गुण येतो म्हणता, तर आधीची आणि नंतरची साखर मोजून दाखवा.

क्लांगकाठची:
दुःख कळतं, पण तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवताय. बोमो म्हणजे मांत्रिक वेगळा, रुक्या करणारे, म्हणजे कुराण म्हणून उपचार करणारे उस्ताद (धर्मगुरू) वेगळे. भुताखेतांशी व्यवहार करणाऱ्या बोमोला हे उस्ताद स्वतःच धर्मबाह्य मानतात. आणि मलाय उपचार म्हणजे नुसतं पाणी नव्हे. माझी दोन्ही बाळंतपणं इथेच झाली. बिदाननं (सुईणीनं) ४४ दिवस पथ्य सांभाळलं, तुंगकूच्या गरम दगडानं पोट शेकलं, बेंकुंग (पोटाला गुंडाळायचा लांब पट्टा) बांधला. आपल्या शेक-शेगडीहून फार निराळं नाही. २००७पासून इथल्या काही सरकारी रुग्णालयांतही पारंपरिक मालिश मिळतं, पक्षाघातानंतरसुद्धा. ते काय अंधश्रद्धेपोटी?

गोळीवाला:
मालिशबद्दल वाद नाही. मी औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून 'माकजुन'बद्दल लिहितो. सांधेदुखीच्या या काळ्या गोळ्यांत चोरून घातलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध नियामकांना वारंवार सापडलं आहे. दोन दिवसांत गुडघा वाकतो, माणूस म्हणतो जडीबुटीला गुण आला. पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, आणि गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेततं, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. डब्यावर 'एमएएल'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, आणि तो खरा आहे का, एवढं तरी बघा. पारंपरिक औषधांच्या क्रमांकाशेवटी 'टी' असतो. मात्र त्याचा अर्थ सुरक्षितता आणि दर्जा पाहिला इतकाच. रोग बरा होतो हे त्यानं सिद्ध होत नाही.

क्लांगकाठची:
मान्य. तरी एक सांगा, लोक तिकडे का जातात? माझ्या सासूबाईंना दवाखान्यात तीन तास बसवलं आणि पाच मिनिटांत कागद हातात दिला. उस्तादांनी अर्धा तास ऐकून घेतलं. त्या रात्री त्या महिन्याभरानं शांत झोपल्या. ही झोप खोटी नव्हती.

सुबांगकर:
झोप खरीच. मन हलकं होतं हे मी नाकारत नाही. पण मन हलकं करणं आणि साखर उतरवणं ही दोन कामं आहेत, आणि पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचा दावा केला जातो. २०१६च्या पारंपरिक वैद्यक कायद्याखाली सात पद्धती मान्य आहेत, त्यात इस्लामी उपचारही आहे. अशा मान्यतेमुळे लोकांना वाटतं, सरकारनं गुणही तपासलाय.

मकचिक आता पुन्हा इन्सुलिन घेतात, पाणीही पितात. मी त्या उपचारकाला भेटून आलो. इतकंच मागितलं, की बाटली देताना 'सुई सोडू नका' हे तुम्हीच सांगा. लोक तुमचं ऐकतात. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे.