नवा जोडलेला पीसी सुरू होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. मुलीने आर्किटेक्चरला प्रवेश घेतलाय. तिच्यासाठी आम्ही बापलेकीने रविवारी पहिल्यांदाच घरी पीसी जोडला. बटण दाबलं की पंखे फिरतात, पण मॉनिटर काळाच. मदरबोर्डावर 'डीरॅम' (म्हणजे रॅम, मेमरी) लिहिलेला दिवा लागतो आणि तसाच राहतो.

२४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची, दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्या. मॉनिटर ग्राफिक्स कार्डालाच जोडलाय. रॅम डीडीआर५, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. आधी चुकून शेजारशेजारी लावल्या होत्या, मग दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत टाकल्या. एकेक पट्टी लावूनही पाहिली. जुन्या सेटिंग पुसल्या जाव्यात म्हणून बोर्डावरचा सेल दहा मिनिटं काढून ठेवला. दिवा तोच.

डीडीआर५ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगसाठी (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यासाठी) काही मिनिटं लागू शकतात, हे मला उशिरा कळलं. तोवर मी दर वेळी मिनिटभरातच बंद करत होतो. काल वीस मिनिटं थांबलो, तरी काही नाही.

प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा आहे, मग बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं पडत असेल का? बोर्डाच्या मागे पेनड्राइव्हवरून बायोस टाकायचं बटण आहे, ते आधी करून पाहू? की कूलर काढून सॉकेटच्या पिना तपासू? कूलर परत बसवताना लावायची पेस्ट आणून ठेवलीय. दुकानदार शनिवारपर्यंतच सामान बदलून देईल, म्हणून घाई आहे. बडोद्यात कोणाकडे डीडीआर५चा चालू पीसी असेल, तर पट्ट्या घेऊन मी येतो. कृपया कळवा, मुलगी फार हिरमुसली आहे.