हॅचबॅकच्या स्पोर्टी आवृत्तीसाठी जादा पैसे मोजावेत का?

सातरस्ता (धागाकर्ता):
सण जवळ आले की नेहमीच्याच हॅचबॅक गाड्या काळे छत, लाल पट्टे आणि दारावरची मोठी अक्षरे मिरवत ‘विशेष आवृत्ती’ म्हणून शोरूममध्ये उभ्या राहतात. ज्या आवृत्तीत बॉनेटखाली आणि चाकांमागे काहीच बदललेले नाही, तिच्यासाठी एक रुपयाही जादा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट ह्युंदाईने २०२१ मध्ये आणलेल्या आय-२० एन लाइनला, म्हणजे आय-२० च्या स्पोर्टी आवृत्तीला, १२० पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीसारखे ताकदीचे एकक) टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवणारे, इंजिन, अधिक कडक सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. २०२४ च्या टाटा अल्ट्रोझ रेसरमध्येही साध्या पेट्रोल अल्ट्रोझच्या ८८ पीएसऐवजी १२० पीएस मिळाले. असा बदल असेल, तर जादा किमतीला अर्थ आहे.

होटगी रोडकर:
पूर्णपणे असहमत. हे १२० पीएस सोलापुरात वापरायचे कुठे? पुणे महामार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तो वेग साधी गाडीही विनासायास गाठते. शहरात गतिरोधक, खड्डे आणि रिक्षा यांतून वाट काढताना कडक सस्पेन्शनचा उपयोग एवढाच, की मागे बसलेल्या आईवडिलांची कंबर धरते. त्यापेक्षा पट्टे बरे. ते निदान कोणाला त्रास देत नाहीत, आणि गाडी देखणी दिसावी असे वाटण्यात गैर ते काय?

सातरस्ता:
ताकद लागते ती कमाल वेगासाठी नव्हे, ओव्हरटेक करण्यासाठी. गाळप हंगामात दुपदरी रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडायचा असेल, तर समोरच्या मार्गिकेत आपण किती सेकंद राहतो, हाच खरा प्रश्न असतो. एन लाइनचा १७२ एनएम टॉर्क (चाके फिरवणारा जोर) १,५०० आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी येतो, तर साध्या १.२ लिटर आय-२० चा सुमारे ११५ एनएम टॉर्क मिळवण्यासाठी इंजिन ४,२०० पर्यंत न्यावे लागते. म्हणजे गिअर उतरवा, इंजिन ओरडू द्या आणि तोवर समोरून एसटी येताना पाहा. सस्पेन्शनबाबतचा आपला मुद्दा मात्र रास्त आहे.

विजापूर वेस:
दोघांच्याही बोलण्यात एक बाजू राहून गेली. हौशी मुले साधी गाडी घेतात आणि बाहेरून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून ताकद वाढवण्यासाठी इसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंग करून घेतात. त्यामुळे वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते, गाडीतील फेरबदलांवर बंधने घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची अडचण उभी राहते आणि विमा कंपनीला कळवले नसेल, तर अपघातानंतरचा दावा अडकतो. कंपनीनेच दिलेल्या आवृत्तीत यातले काहीच नसते. पण अशा आवृत्त्या फार काळ टिकत नाहीत, हेही विसरू नये. मारुतीची १०२ पीएसची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू होण्याआधीच बंद झाली. जुन्या गाडीचे गिऱ्हाईक आपल्याकडे आधी मायलेज आणि सीएनजी विचारते; टर्बोचे कौतुक करणारा क्वचितच भेटतो.

होटगी रोडकर:
ओव्हरटेकचा मुद्दा मान्य करतो, परंतु त्यातून उलट निष्कर्ष निघतो. टर्बो इंजिन आणि मागचे डिस्क ब्रेक जर सुरक्षिततेसाठी असतील, तर ते साध्या रंगाच्या, मऊ सस्पेन्शनच्या गाडीत का मिळू नयेत? २०२३ मध्ये ह्युंदाईने साध्या आय-२० मधून टर्बो काढला आणि तो एन लाइनपुरताच ठेवला. ज्याला केवळ इंजिन हवे, त्याला लाल शिलाईच्या सीट आणि कडक शॉकॲब्सॉर्बरही गळ्यात घ्यावे लागले.

सातरस्ता:
ब्रेकच्या बाबतीत असहमत. ब्रेक दाबताच वजन पुढे सरकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात आणि हलक्या हॅचबॅकला मागे ड्रम पुरतात. इंजिनाबाबत मात्र मी आपल्या बाजूचा आहे: टर्बो साध्या आवृत्तीतही मिळायला हवा, आणि तसा मिळाला, तर मी स्वतः स्पोर्टी आवृत्तीकडे वळणार नाही.