लिंकचा नट तिसऱ्यांदा सैल झाला

प्रेषक: म., कँटन
विषय: [मदत] पुढच्या उजव्या चाकाशी टकटक

नमस्कार मंडळी,

आपल्या डेट्रॉइटकडच्या मेलिंग लिस्टवर फराळाच्या ऑर्डरी चालू असताना मध्येच गाडीचं रडगाणं लावतेय, माफी असावी. पण या लिस्टवरची निम्मी माणसं गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, मग विचारायचं तरी कुणाला?

गाडी २०१२ ची कॅमरी, १,४६,००० मैल झालेत. ऑगस्टमध्ये पुढच्या दोन्ही स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या बारला चाकाच्या स्ट्रटशी, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरशी, जोडणाऱ्या दांड्या) मी स्वतःच बदलल्या. मूळच्या लिंक एवढे मैल टिकल्या, तक्रार नाही. नव्या ऑनलाइन मागवल्या, जोडी स्वस्तात मिळाली, वर ‘आजन्म वॉरंटी’. डावीकडची गुपचूप बसलीय. उजवीकडची मात्र तीनशे-चारशे मैल झाले की टकटक करायला लागते. चाक काढून बघावं तर वरचा नट सैल. आतापर्यंत तीनदा आवळला. दरवेळी टॉर्क पाना (ठरवलेला जोर लागला की क्लिक करतो तो) लावून, मॅन्युअलमधल्या आकड्याला, क्लिक येईपर्यंत. अंदाजपंचे काही केलेलं नाही.

थँक्सगिव्हिंगला बहिणीकडे शिकागोला जायचंय, मुलं मागे बसणार. काय करू?

— म.

*

प्रेषक: वि., विंडसर
विषय: उत्तर: [मदत] पुढच्या उजव्या चाकाशी टकटक

अगं, एवढं काय त्यात! एकाऐवजी दोन स्प्रिंग वायसर घाल आणि आट्यांना लाल लॉकटाइट (नट पक्का चिकटवणारा द्रव) लाव. बाप जन्मात सुटणार नाही. माझ्या ट्रकला तसंच केलंय. आणि क्लिकच्या पुढे अजून पाव फेरा दे, हे पाने नेहमी कमीच दाखवतात.

— वि. (नदीपलीकडून)

*

प्रेषक: ताई, लिस्टची देखरेख
विषय: उत्तर: उत्तर: [मदत] पुढच्या उजव्या चाकाशी टकटक

गाडीची चर्चा चालू द्या, हरकत नाही. फक्त (१) खालची अख्खी मेल पुन्हा चिकटवू नका, (२) बारा-बारा एमबीचे फोटो लिस्टला जोडू नका, (३) चकलीच्या ऑर्डरी याच धाग्यात दोघांनी टाकल्यात, त्या मला सापडल्या नाहीत तर बोल मला लावायचा नाही.

*

प्रेषक: श्री. काका, नोव्हाय
विषय: लिंकचा नट — आधी फोटो पाठव

म.,

वि. चा सल्ला आत्ता मुळीच अमलात आणू नकोस. वि., राग मानू नकोस रे, पण यातली एकेक गोष्ट बघू.

लाल लॉकटाइट सोडवायचं तर नट अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवावा लागतो. या नटापासून दोन बोटांवर लिंकचा बॉल जॉइंट, म्हणजे फिरता गोळ्याचा सांधा, आहे. त्यातलं ग्रीस आणि वरचं रबराचं बूट दोन्ही जळतील. म्हणजे पुढच्या वेळी लिंक कापूनच काढायची. शिवाय नायलॉनचं कडं असलेला नट असेल तर लॉकटाइटचा फारसा उपयोगही नाही. ते धातू-धातूंच्या फटीत, हवा नसताना घट्ट होतं.

स्प्रिंग वायसरचं म्हणशील तर त्यावरची श्रद्धा आपल्याकडे फार जुनी आहे. माझे वडील दापोडीला एसटीच्या कार्यशाळेत होते, तेही नवीन वायसर टाकल्याशिवाय नट आवळू देत नसत. पण गेर्हार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९६९ साली एक निबंध लिहिला, आणि त्यासाठी केलेलं यंत्र आजही आमच्या धंद्यात त्याच्याच नावानं ओळखलं जातं. त्यानं जोड आडवा, मागेपुढे हलवून दाखवला. बोल्टच्या लांबीच्या दिशेनं कितीही खेचाखेची झाली तरी नट सहसा सुटत नाही. जोडाचे दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले, की नट आपल्या आपण फिरून मोकळा होतो. स्प्रिंग वायसर त्याला थोपवत नाही. वायसर चपटा होऊन बसतो, आणि मग सगळी भिस्त पुन्हा पकडीवरच.

तेव्हा प्रश्न ‘नट कसा अडवू’ हा नाही. दोन भाग सरकताहेत का, आणि पकड कुठे गेली, हे आधी शोधायचं. पकड पुरेशी असेल तर साधा नटही सुटत नाही.

आता तुझं क्लिक. टॉर्क पाना फक्त फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्या जोरातले साधारण शंभरातले पन्नास नटाच्या बुडाशी घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहाएक बोल्ट ताणायला मिळतात. कामाचे तेवढेच. आट्यांत गंज, खर किंवा भलताच अडथळा असेल तर क्लिक वेळेवर येतं, पकड मात्र येत नाही. वि. म्हणतो तसा वर पाव फेरा दिलास तर बोल्ट तुटायची पाळी, पकड तरीही नाही.

म्हणून फोटो पाठव (मला एकट्याला पाठव, ताई रागावतील). दोन्ही बाजूंचे. नटाच्या बाहेर किती आटे दिसतात ते मला हवंय. आणि स्ट्रटच्या ज्या लोखंडी पट्टीतून लिंकचा बोल्ट जातो, तिच्या भोकाभोवती तांबूस भुकटी आहे का, ते सांग.

आणखी एक. टकटक नक्की लिंकचीच ना? एका बाजूचं चाक खड्ड्यात जातं तेव्हा वाजते आणि दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढतात तेव्हा गप्प बसते, असं असेल तर लिंक. दोन्ही चाकं एकदम उठली की बार पिळलाच जात नाही, लिंकवर ओझं येत नाही.

— श्री. काका

*

प्रेषक: म., कँटन
विषय: उत्तर: लिंकचा नट — आधी फोटो पाठव

काका, फोटो तुम्हाला वेगळे पाठवलेत.

टकटक अगदी तुम्ही म्हणता तशीच. फोर्ड रोडवरच्या खड्ड्यांत वाजते, शाळेच्या गतिरोधकावर नाही. भुकटी आहे, पण मला वाटलं गंज असेल. इथे काय, सगळंच गंजतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे म्हणतात, आणि हिवाळ्यात तेच मीठ बहुधा आपल्या गाड्यांच्या पोटाखाली!

आटे मोजले. डावीकडे नटाबाहेर पाच, उजवीकडे तीन. त्याचं काय?

*

प्रेषक: श्री. काका, नोव्हाय
विषय: उत्तर: उत्तर: लिंकचा नट

पाच आणि तीन! इथेच गोम आहे.

ही भुकटी मिठाच्या गंजाची नाही. मिठाचा गंज पापुद्र्यांनी निघतो आणि सगळीकडे पसरतो. तुझ्या फोटोत ती फक्त भोकाच्या कडेला आहे, मेंदीच्या पुडीसारखी बारीक, आणि तिच्या आत चकचकीत कडं दिसतंय. दोन लोखंडं एकमेकांवर घासली की ती होते. म्हणजे तो जोड सरकतोय.

आज संध्याकाळी एवढं कर. दोन्ही पुढची चाकं उचल, एकच नको, नाहीतर बार पिळलेला राहील आणि लिंक ताणलेली सापडेल. गाडी स्टँडवर टेकव. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. नट मॅन्युअलच्या आकड्याला पुन्हा आवळ, क्लिक येऊ दे. मग लिंकची कॉलर (बोल्टाच्या मुळाशी असलेलं रुंद कडं) आणि स्ट्रटची पट्टी जिथे टेकतात, तिथे कागद सरकवून बघ. आत जाता कामा नये.

— श्री. काका

*

प्रेषक: म., कँटन
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: लिंकचा नट

गेली!!

खिशात किराणा दुकानाची पावती होती, ती सरळ आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. क्लिक येऊनसुद्धा! मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून हसत सुटले. नवरा विचारायला आला, काय झालं म्हणून.

*

प्रेषक: श्री. काका, नोव्हाय
विषय: पावतीचा उलगडा

छान. आता लिस्टसाठी सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

उजवीकडच्या लिंकच्या बोल्टाचे आटे कॉलरपर्यंत येतच नाहीत, थोडे आधी संपतात. पट्टी जाड असती तर चाललं असतं. ही लिंक बहुतेक पाच-सहा गाड्यांना चालेल अशा हिशेबानं काढलेली असणार, आणि तुझी पट्टी त्यातली सगळ्यात पातळ. नट खाली येता येता आटे जिथे संपतात तिथे अडकतो. पानाला वाटतं, आवळलं. क्लिक! प्रत्यक्षात नट आपल्याच आट्यांत रुतलाय, पट्टी मोकळी.

मग पहिले तीनशे मैल गप्प का? कॉलरवर काळा जाड रंग होता आणि पट्टीवर जुन्या गंजाचा थर. तेवढ्यानं फट भरून निघाली. चालवून चालवून रंग घासला, गंज झडला, फट उघडी पडली. दरवेळी तू आवळलंस तेव्हा नट थोडा खोल रुतला आणि पुन्हा तेच.

आता रंगाबद्दल थोडं, कारण आटे व्यवस्थित असले तरी रंग एकटाही दगा देतो. समजा १२ मिमीचा बोल्ट ७५ न्यूटन-मीटरला आवळला. पकड साधारण ३० किलोन्यूटन, म्हणजे तीन टन. केवढी वाटते! पण ती टिकते कशावर, तर बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला गेल्यावर. आणि इतक्या आखूड बोल्टाचा ताण किती, तर मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा-साठावा भाग. आपला केस त्याच्या तिपटी-चौपटीनं जाड असतो. पावडर कोटिंगचा थर केसाएवढा असतोच असतो. ओझ्याखाली तो रंग नुसता केसाच्या पाव भागाइतका दबला तरी तीन टनांची पकड हवेत विरली. लांब बोल्टाला हा त्रास कमी, कारण तो जास्त ताणलेला असतो. आखूड बोल्टाला क्षमा नाही.

दापोडीला वडील पाट्यांच्या स्प्रिंगा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नव्यानं बसवले की गाडी थोडी फिरवून आणायला लावत आणि मग पुन्हा आवळत. मला लहानपणी वाटे, आधी नीट आवळत का नाहीत? थर दबून बसायला वेळ देत होते ते. शास्त्र माहीत नव्हतं, पण हात शहाणा होता.

म., ही लिंक परत कर. खाली जाड वायसर घालून फट भरता येते, आणि कुठे हायवेवर अडकली असतीस तर मी तेच सांगितलं असतं. पण शिकागोला जायचंय, तेव्हा तुझ्याच मॉडेलसाठी काढलेली लिंक घे. घरी आली की बसवण्याआधी नुसत्या हातानं नट फिरवून बघ. कॉलरपासून पट्टीच्या जाडीच्या आत आटे आले पाहिजेत. डावीकडचीही तपासून घे.

पट्टी दोन्ही बाजूंनी तारेच्या ब्रशनं घासून उघडं लोखंड दिसू दे. नट नवाच वापर, नायलॉनचं कडं एकदाच खरं काम देतं. आणि इम्पॅक्ट गननं नको, त्या वेगानं नायलॉन तापून मऊ पडतं. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) नको. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट भलताच जास्त ताणला जातो. गंजाची भीती असेल तर सगळं झाल्यावर बाहेरून मेणाचा स्प्रे मार.

आणि बोल्ट नटाबरोबरच फिरायला लागेल. तेव्हा आधी रिंग पाना आणि मधल्या खाचेत ॲलन की, असं करून कॉलर पट्टीला टेकव. ती धरली की मग ॲलन काढून टॉर्क पाना लाव.

— श्री. काका

*

प्रेषक: अ., ट्रॉय
विषय: उत्तर: पावतीचा उलगडा

काका, एक शंका. मी वाचलं होतं की सस्पेन्शनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. मग उचलून कसे?

आणि माझ्या जीपचा पुढचा ट्रॅक बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असाच सुटतो. उंची वाढवायचं किट बसवल्यापासून. महिन्यातून एकदा आवळतो. साठच्या वर गेलं की स्टिअरिंग असं थडथडतं की हातातून सुटेल.

*

प्रेषक: श्री. काका, नोव्हाय
विषय: उत्तर: उत्तर: पावतीचा उलगडा

अ., तू वाचलंस ते रबरी बुशांसाठी, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबराच्या नळ्यांसाठी, खरं आहे. कंट्रोल आर्मचं बुश गाडी लोंबकळत असताना आवळलं तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म.च्या लिंकला दोन्हीकडे बॉल जॉइंट आहेत, ते सगळीकडे फिरतात. तिला फक्त बार मोकळा असणं पुरे.

तुझ्या जीपचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. महिन्याला आवळावं लागतंय म्हणजे कंसातलं भोक आतापर्यंत लांबट झालं असणार. बोल्ट काढून बघ, भोक अंड्यासारखं दिसेल. लांबट भोक कितीही आवळून गोल होत नाही. कंसाला जाड पत्रा वेल्ड करून घे किंवा कंसच बदल, आणि बोल्ट भोकात घट्ट बसणारा घे. तोवर हायवेवर नको. खरंच नको.

*

प्रेषक: वि., विंडसर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पावतीचा उलगडा

काका, शिरसावंद्य. ट्रकखाली जाऊन पावती लावून बघितली. गेली नाही. पण लाल लॉकटाइट कसं काढू ते आता तुम्हीच सांगा.

*

प्रेषक: म., कँटन
विषय: [झालं!] पुढच्या उजव्या चाकाशी टकटक

मंडळी, शिकागोहून परत आलो. नवी लिंक, नवा नट, घासलेली पट्टी. पन्नास मैलांनी एकदा तपासलं, थोडंसंही फिरलं नाही. नट आणि पट्टी मिळून पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारून ठेवली होती, आता साडेसहाशे मैल झाले, रेघ सरळ आहे. फोनचा टॉर्च लावून चाकामागे डोकावलं की दिसते.

जुन्या लिंकचे पैसे विक्रेत्यानं परत दिले. वस्तू परत नको म्हणाला, ‘फेकून द्या’. त्याला आटे कमी पडतात ते फोटोसकट लिहिलं, त्याचं उत्तर काही आलं नाही.

काका, तुम्ही दिलेला मोठा टॉर्क पाना रविवारी आणून देते. सोबत चकल्या आहेत (ताई, ही ऑर्डर नाही).

— म.

*

प्रेषक: श्री. काका, नोव्हाय
विषय: उत्तर: [झालं!] पुढच्या उजव्या चाकाशी टकटक

रविवारी अकरानंतर ये. आणि पाना डब्यात ठेवण्याआधी मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आण. ताणलेला ठेवलास तर त्याची स्प्रिंग सैल पडते.